सिक्स्थ फॉर्म सुरू झालं: गणित, रसायनशास्त्र आणि इतिहास

टेम्सकाठची | १३ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

मी १६ वर्षांची आहे. लंडनच्या पश्चिम टोकाला हाउन्स्लोमध्ये राहते. चौथीपर्यंत साताऱ्यात मराठी शाळेत होते, २०१९ मध्ये बाबांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. आई या मंचाची जुनी वाचक आहे, मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. नुकतंच माझं सिक्स्थ फॉर्म सुरू झालं. २१ ऑगस्टला जीसीएसईचा निकाल लागला, लगेच गणपती आले, आणि तेव्हापासून भेटणारं प्रत्येक मोठं माणूस एकच विचारतंय: गणित ठीक, केमिस्ट्री ठीक, पण इतिहास कशाला? प्रसादाची वाटी हातात धरून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

भारतातल्या वाचकांसाठी आधी पद्धत सांगते. इंग्लंडमध्ये शाळेचं अकरावं वर्ष संपताना जीसीएसईची परीक्षा होते. माझे दहा विषय होते. निकाल ९ ते १ अशा श्रेणीत लागतो, ९ सगळ्यात वरची, ४ मिळाली की पास. पुढची दोन वर्षं, म्हणजे बारावं आणि तेरावं, यांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात. ते शाळेलाच जोडून असतं किंवा वेगळं सिक्स्थ फॉर्म कॉलेज असतं. बहुतेक मुलं तिथे ए लेव्हलचे तीनच विषय घेतात. दहावरून थेट तीन. आणि या तीन विषयांचा दोन वर्षांचा अभ्यास मुख्यतः शेवटच्या परीक्षेत तपासला जातो. माझे पेपर २०२७ च्या मे-जूनमध्ये असतील.

इथे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा शाखा नसतात. शाळेच्या वेळापत्रकात बसत असतील तर कुठलेही तीन विषय एकत्र घेता येतात. मात्र प्रत्येक विषयासाठी जीसीएसईत ठरावीक श्रेणी लागते. आमच्या शाळेत ए लेव्हल गणितासाठी किमान ७ हवी होती.

तर इतिहास का. आमचा एक पेपर ब्रिटिश साम्राज्यावर आहे, साधारण १८५७ ते १९६७. दुसरा शीतयुद्धावर. पहिल्याच तासाला बाईंनी १८५७ मधली दोन पत्रं वाटली आणि विचारलं, हे कोणी लिहिलंय, कोणासाठी लिहिलंय, आणि लिहिणाऱ्याने काय लिहायचं टाळलंय? वर्गात वीसेक मुलं. कोणाचे आजी-आजोबा पंजाबातले, कोणाचे सोमालियातले, कोणाचे पोलंडचे, काही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. प्रत्येकाच्या घरी त्याच काळाची वेगळी गोष्ट सांगितली जाते, आणि त्या तासाला आम्ही सगळे एकाच कागदावर वाकून बसलो होतो. मी मनात विचार करत होते की आमचं सातारा तर १८४८ मध्येच, डलहौसीच्या काळात खालसा झालं होतं. म्हणजे माझ्या गावापुरती गोष्ट आमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानाआधीच संपलेली आहे. मला ते आधीचं पान हवंय. ते कसं शोधायचं, कोणावर विश्वास ठेवायचा, कुठे ठेवायचा नाही, हे मला शिकायचंय, आणि ते शिकवणारा विषय शाळेत आहे. मग तो मी का सोडू?

गणित आणि केमिस्ट्री मी कोणाला बरं वाटावं म्हणून घेतलेली नाही, हेही सांगते. गणितात आता सिद्धता सुरू झाल्या आहेत. एखादं विधान नेहमीच खरं आहे हे दाखवणं, किंवा एकच उदाहरण देऊन ते खोटं पाडणं, यात मला फार आनंद मिळतो. केमिस्ट्रीत आम्ही मोलपासून परत सुरुवात केलीय, पण या वेळी कारणांसकट. जीसीएसईत "असं असतं" म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींचं आता "का असतं" कळतंय. दिवसाच्या एका तासाला उत्तर ठामपणे बरोबर किंवा चूक असतं, आणि पुढच्याच तासाला दोन अभ्यासू माणसं एकाच पुराव्यावरून उलट मतं मांडतात. मला दोन्ही हवं आहे, रोज हवं आहे.

एका गोष्टीचं वाईट वाटतं. फिजिक्स आणि स्पॅनिश सुटलं. स्पॅनिश मला खरंच आवडायचं. सोळाव्या वर्षी तीनच विषय ठेवायला लावणं मला चुकीचं वाटतं. पाच तरी हवेत. निवडीचं स्वातंत्र्य आहे, पण सोडून किती द्यावं लागतं हे कोणी बोलत नाही.

आता वेळेबद्दल. प्रत्येक विषयाचे आठवड्याला साधारण पाच तास होतात. उरलेले तास मोकळे, त्यांना स्टडी पीरियड म्हणतात. लायब्ररीत बसायचं किंवा कॉमन रूममध्ये. गणवेश गेला, आता ऑफिसला जातात तसे कपडे आणि गळ्यात ओळखपत्र. शिक्षक एकदम मोठ्या माणसांसारखं बोलू लागलेत: निबंध सोमवारी हवा, मधे कोणी आठवण करणार नाही. घरी हे मोकळे तास ऐकल्यावर पहिला विचार आला ट्यूशनचा. मी आईबाबांना सांगितलं, हे तास माझ्याकडे राहू द्या. कुठल्या विषयाला किती वेळ लागतो, मला कधी कंटाळा येतो, कधी डोकं चालतं, हे मला याच तासांत कळणार आहे. ते कोणीतरी आखून दिले तर दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत मी एकटी काय करणार? बाबा म्हणाले, नाताळपर्यंत बघू. हे मला मान्य आहे.

शनिवारी एका बेकरीत काम मिळतंय. १६-१७ वयासाठी २०२५ चं किमान वेतन तासाला ७.५५ पौंड आहे. आजीला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली, "आपल्या घरात काही कमी आहे का गं?" म्हणाली. कमी काही नाही आजी. इथे सगळे करतात आणि मलाही करायचंय.

अजून एक. जुलैमध्ये इथल्या सरकारने मतदानाचं वय १८ वरून १६ वर आणायचं जाहीर केलंय. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्यांच्या त्यांच्या संसदेसाठी १६ व्या वर्षी मत देता येतंच. आमच्या वर्गात निम्मे म्हणतात आम्हाला एवढं कळत नाही. मला वाटतं, पुढच्या आयुष्याचे विषय ठरवण्याएवढी अक्कल आम्हाला आहे असं धरता, तर मतदानाचीही धरा. राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांनाही मत देता येतं, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या वादविवादापुरता नाही.

माझा प्रश्न: तुमच्यापैकी कोणी असे लांबलांबचे विषय एकत्र शिकलंय का? पुढे त्याचं काय झालं? आणि माझं मराठी वाचन इथल्या इतिहासाच्या अभ्यासात कुठे उपयोगी पडेल का?

---

कऱ्हाडकर | १३ सप्टेंबर २०२५

बाळा, मराठी छान लिहितेस. सातारकर म्हणजे आमच्या शेजारचीच. रागावू नकोस, पण स्पष्ट बोलतो. केमिस्ट्री आणि गणित एवढं चांगलं आहे तर बायोलॉजी घ्यायची. डॉक्टरकीचा रस्ता उघडा राहिला असता. इतिहास रात्री झोपताना वाचता येतो, त्यासाठी वर्गात बसावं लागत नाही. मी स्वतः खूप वाचतो. पण पोट भरायचा विषय वेगळा आणि आवडीचा वेगळा, हे आमच्या पिढीने टक्केटोणपे खाऊन शिकलंय. अजून महिना झाला नाही, विषय बदलता येत असेल तर विचार कर. आईवडिलांनी घरदार सोडून तुझ्यासाठीच हे सगळं केलंय.

---

दोन_मुलांची_आई | १४ सप्टेंबर २०२५

कऱ्हाडकर दादा, तुमची काळजी समजते, पण माहिती थोडी दुरुस्त करते. माझी मोठी मुलगी यातून गेलीय. मेडिसिनला केमिस्ट्री जवळपास सगळीकडे लागते. बायोलॉजी बऱ्याच ठिकाणी लागते, सगळीकडे नाही. केंब्रिजला केमिस्ट्रीसोबत बायोलॉजी, फिजिक्स, गणित यांतला एक विषय चालतो. म्हणजे या मुलीचा रस्ता अरुंद झाला असेल, बंद झालेला नाही. कायद्याला तर ठरावीक विषयच लागत नाहीत. केमिकल इंजिनियरिंगला गणित आणि केमिस्ट्री तिच्याकडे आहेच. आणि मुख्य म्हणजे, तिने कुठे म्हटलंय तिला डॉक्टर व्हायचंय?

टेम्सकाठची, तुझ्या आईबाबांसाठी दोन कामाच्या गोष्टी. एक, तुम्हाला इथला कायमचा राहण्याचा परवाना मिळालाय का ते आत्ताच बघा. कोर्स सुरू होण्याच्या तारखेला तो परवाना आणि त्याआधीची तीन वर्षं इथलं वास्तव्य असेल तर साधारणपणे स्थानिक फी लागते. २०२५-२६ साठी इंग्लंडमध्ये तिची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड आहे. डिपेंडंट व्हिसावर असलेल्या मुलांना बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांची फी पडते, ती याच्या कितीतरी पट असते. आमच्या ओळखीच्या घरात हे शेवटच्या वर्षी कळलं आणि मुलीला आवडीची जागा सोडावी लागली. विषय कुठला घेतला यापेक्षा त्या कागदाने जास्त फरक पडला. दुसरं, चाइल्ड बेनिफिट मिळत असेल तर मुलगी पुढे शिकतेय हे करखात्याला कळवावं लागतं, नाहीतर ते १६ नंतर थांबतं.

मोकळ्या तासांबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. माझ्या मुलीचे सगळे तास मी भरले होते. पहिल्या वर्षी युनिव्हर्सिटीत ती सकाळी कोणी उठवायला नाही म्हणून रडत फोन करायची.

---

निळासावळा | १४ सप्टेंबर २०२५

+१ मोकळ्या तासांना.

मी लीड्सला गणिताच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ए लेव्हल गणिताबद्दल एवढंच सांगतो की पहिले दोन महिने सोपे वाटतील. घातांक, करणी, वर्गसमीकरणं, यातलं बरंच जीसीएसईत झालेलं असतं. तिथेच मुलं सैल सोडतात. नोव्हेंबरपासून कॅल्क्युलस आणि मेकॅनिक्स आलं की वेग अंगावर येतो. बीजगणित हाताला इतकं बसायला हवं की त्याचा विचार करावा लागता कामा नये, कारण विचार करायला पुढे दुसरं खूप काही असतं. मेकॅनिक्स आणि संख्याशास्त्र आता सगळ्यांना सक्तीचं आहे, म्हणजे फिजिक्स सुटलं म्हणून न्यूटन सुटणार नाही. बल, प्रवेग, पुली सगळं गणितात भेटेल.

इतिहासाचं म्हणशील तर, आमच्या वर्गात सिद्धता सगळ्यात स्वच्छ लिहिणारी मुलगी ए लेव्हलला इतिहास करून आलेली आहे. एका वाक्यातून दुसरं कसं निघतं हे तिला निबंधांनी शिकवलं असं ती सांगते.

---

जुना_मास्तर | १५ सप्टेंबर २०२५

चि. टेम्सकाठची,

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत अनेक वर्षं इतिहास शिकवला, आता पुण्यात मुलाकडे असतो. तुझा धागा काल सुनेने वाचून दाखवला, आज मी स्वतः परत वाचला.

"आधीचं पान" म्हणालीस ना, ते पान तुझ्या आत्ताच्या गावातच आहे. साताऱ्यातल्या चार भिंतीच्या स्मारकावर लहानपणी गेली असशील. तिथे रंगो बापूजी गुप्ते यांचं नाव वाचल्याचं आठवतंय का? छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे राहिले. इंग्रजांचा कायदा, त्यांच्या सभा, त्यांची वर्तमानपत्रं, या सगळ्यांचा वापर करून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात न्याय मागितला. महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी गादीवर बसवलेले भाऊ अप्पासाहेब गेले, आणि दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं गेलं. रंगो बापूजी तरीही लंडनमध्ये झगडत राहिले, १८५३ च्या सुमारास परत फिरले. १८५७ च्या उठावात त्यांचं नाव आलं आणि ते नाहीसे झाले. पुढे त्यांचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. साताऱ्यात गेंडामाळावर ज्यांना ठार केलं त्यांत त्यांचा मुलगा होता.

कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. ती इमारत पाडली गेली, आज तिथे लॉइड्सची इमारत उभी आहे. तिथून चालत जाताना जरा थांब. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याच्या प्रश्नावर वाद झाले, जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतले जॉर्ज थॉम्पसन यांनी महाराजांची बाजू घेतली. ती भाषणं छापलेली आहेत. कंपनीचे कागद ब्रिटिश लायब्ररीत, सेंट पँक्रसला आहेत. मराठीत प्रबोधनकार ठाकऱ्यांनी रंगो बापूजींवर लिहिलंय. इंग्रजी कागद तुझ्या वर्गातलं कोणीही वाचेल. दोन्ही बाजूंचं वाचून ताडून बघणारं लंडनमधलं सोळा वर्षांचं मूल मला तरी दुसरं ठाऊक नाही.

तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हेच.

---

टेम्सकाठची | १५ सप्टेंबर २०२५

गुरुजी, तुमचं वाचून मी आईला हाक मारली आणि आम्ही दोघींनी परत वाचलं. चार भिंतीवर मी कितीदा गेलेय! नाव आठवतंय, ते लंडनला चौदा वर्षं होते हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. चौदा वर्षं म्हणजे माझं जवळजवळ आख्खं आयुष्य. त्यांना इथली थंडी, इथलं जेवण, पत्राचं उत्तर यायला लागणारे महिने... मी उद्याच बाईंना विचारणार आहे.

कऱ्हाडकर काका, रागावले नाही. तुम्ही आपुलकीने लिहिलंत. पण "आईवडिलांनी तुझ्यासाठी केलंय" याबद्दल थोडं बोलते. ते खरं आहे आणि मला ते रोज आठवतं. बाबा रात्रपाळीवरून सकाळी सातला येतात आणि मी निघेपर्यंत जागे राहतात. म्हणूनच मला अर्ध्या मनाने शिकायचं नाही. बायोलॉजी घेतली असती तर मी पास झाले असते, चांगली श्रेणीही आली असती कदाचित. पण दोन वर्षं, रोज, ज्याच्यात मन नाही असा विषय तीनातला एक म्हणून घेणं हे त्यांच्या कष्टांची परतफेड आहे असं मला वाटत नाही.

मावशी, परवान्याचं आईला दाखवलं. तो गेल्या वर्षी मिळालाय. तिने तरीही सगळे कागद काढून बघितले.

---

लेस्टरवाला | १८ सप्टेंबर २०२५

मी पण लिहू का? मी १७ वर्षांचा, लेस्टरला कॉलेजात टी लेव्हल करतोय, दुसरं वर्ष. माझं मराठी बोलण्याइतकं चांगलं आहे, लिहिताना ताईची मदत घेतोय.

इथे सगळे ए लेव्हलबद्दल बोलतायत. सोळाव्या वर्षानंतर दुसरेही रस्ते असतात हे आपल्या लोकांत फार कमी माहीत असतं. टी लेव्हल २०२० मध्ये सुरू झालं. एकच क्षेत्र घ्यायचं, माझं इंजिनियरिंगचं आहे. त्यात प्रत्यक्ष कंपनीत किमान ३१५ तास काम करावंच लागतं. सगळ्यात वरची श्रेणी मिळाली तर युनिव्हर्सिटीच्या अर्जात १६८ गुण धरतात, तीन ए स्टारएवढेच. प्रत्येक युनिव्हर्सिटी ते घेत नाही, ते आधी बघावं लागतं.

मला जीसीएसई इंग्लिशमध्ये ३ आली होती. ४ नसेल तर इंग्लिश आणि गणित सोळाव्या वर्षानंतरही शिकत राहावं लागतं. नोव्हेंबरमध्ये परत बसलो आणि ४ आली. त्या काळात गणपतीला, दिवाळीला कोणी निकाल विचारू नये म्हणून मी खोलीतच थांबायचो. आता कंपनीत ज्या मशीनवर शिकतोय ते मी घरी येऊन आईला कागदावर काढून समजावतो. टेम्सकाठची, तू इतिहासाबद्दल लिहिलंस तसं मला त्या मशीनबद्दल वाटतं.

---

दोन_मुलांची_आई | १८ सप्टेंबर २०२५

लेस्टरवाला, शाब्बास रे राजा. आणि पुढच्या गणपतीला बाहेर ये, मोदक खायला ये. निकाल विचारणाऱ्याला मी बघते.

माझा धाकटा शाळेच्या दहाव्या वर्षात आहे आणि त्याला पुस्तकांपेक्षा अवजारांत रस आहे. तुझ्याशी बोलायला सांगू का त्याला?

---

लेस्टरवाला | १८ सप्टेंबर २०२५

हो मावशी, सांगा.

---

सदाफुली | २० सप्टेंबर २०२५

एडिनबरातून. तीन विषय कमी पडतात असं वाटणाऱ्या मुलीला आमच्याकडचं सांगते. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, इथे ए लेव्हल नाही. हायस्कूलच्या पाचव्या वर्षाला मुलं साधारण पाच विषयांत हायर नावाची परीक्षा देतात आणि त्याच जोरावर युनिव्हर्सिटीत जाऊ शकतात. सहाव्या वर्षी हवं तर ॲडव्हान्स्ड हायर. माझ्या मुलाने गणित, फिजिक्स, इंग्लिश, फ्रेंच आणि संगीत एकत्र केलं. इंग्लंडची मुलं त्यांच्या तीन विषयांत जास्त खोल जातात हेही खरं, तो आता त्यांच्यासोबत शिकतोय आणि पहिलं सत्र त्याला जड गेलं. तरी मला विचाराल तर सोळाव्या वर्षी पाच असावेत. त्या वयात आपल्याला काय आवडतं ते आवडता आवडता बदलत असतं.

---

गोदाकाठ | २१ सप्टेंबर २०२५

ताई, मी नाशिकला अकरावी सायन्सला आहे, म्हणजे तुझ्याच वयाची. या वर्षीपासून अकरावीचे प्रवेश आख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. याद्या लागेपर्यंत घरात कोणी धड जेवत नव्हतं. आता माझं कॉलेज आणि क्लास एकत्रच आहे, नीटची तयारी. सकाळी साडेसहाला निघते, संध्याकाळी सहाला येते, मग टेस्टचा अभ्यास.

केमिस्ट्री आणि इतिहास एकत्र घेता येतं हे वाचून मी ते आमच्या ग्रुपवर टाकलं. कोणाचा विश्वासच बसेना. मला भूगोल फार आवडायचा. नकाशे काढायचे मी. दहावीनंतर तो संपला. मला डॉक्टर व्हायचंच आहे, ते कोणी लादलेलं नाही, पण भूगोल का संपावा ते कळलं नाही. तुझे मोकळे तास वाचले आणि दोन दिवस तेच डोक्यात आहे.

---

कऱ्हाडकर | २१ सप्टेंबर २०२५

गोदाकाठ, बाळा, तुझं वाचून गलबललं. आमच्या घरातली नात याच वेळापत्रकात आहे.

टेम्सकाठची, माझं मत पूर्ण बदललेलं नाही. इतिहास शिकून नोकरी मिळायला वेळ लागतो हे मी माझ्या नात्यात पाहिलंय आणि तुझ्यासारख्या मुलीला ते भोगावं लागू नये असं वाटतं. पण तुझ्याकडे गणित आणि केमिस्ट्री आहे, त्यामुळे माझी निम्मी काळजी गेली. उरलेली निम्मी म्हाताऱ्याची म्हणून ठेव. रंगो बापूजींच्या शोधाचं पुढे काय झालं ते इथे लिही मात्र.

---

जुना_मास्तर | २१ सप्टेंबर २०२५

गोदाकाठ, नकाशे काढणं सोडू नकोस. गावात साथ कुठून कुठे पसरली हे नकाशावर मांडायला डॉक्टरच लागतो. रविवारचा एक तास त्यासाठी ठेव, आईला माझं नाव सांग.

---

टेम्सकाठची | १ नोव्हेंबर २०२५

उशीर झाला, माफ करा. दिवाळी शाळा चालू असतानाच आली, भाऊबीजेच्या दिवशी केमिस्ट्रीची चाचणी होती. आता हाफ टर्मची सुट्टी आहे.

निळासावळा दादा, तुझा नोव्हेंबर ऑक्टोबरमध्येच आला. रोज वीस मिनिटं नुसतं बीजगणित करते, मोकळ्या तासात. फरक पडतोय. चाचणीत केमिस्ट्रीत अपेक्षेपेक्षा कमी पडले, इतिहासात बाईंनी लिहिलं की मत ठाम आहे पण दुसऱ्या बाजूला पुरेशी जागा दिलेली नाही. त्यावर आता काम चालू आहे. ट्यूशनचा विषय बाबांनी अजून काढलेला नाही.

आता मुख्य बातमी. बाईंना रंगो बापूजींबद्दल विचारलं. आमच्या बोर्डात इतिहासाच्या कोर्सवर्कला वीस टक्के असतात, पण त्याचा विषय साधारण शंभर वर्षांच्या पटावर मांडावा लागतो आणि पेपरमधल्या अभ्यासाशी त्याची पुनरावृत्ती चालत नाही. त्यामुळे तिथे हे बसणार नाही असं त्या म्हणाल्या. मग त्यांनीच ईपीक्यू सुचवलं. तो स्वतंत्र प्रकल्प असतो, विषय आपला, साधारण ५,००० शब्दांचा निबंध, कसं काम केलं त्याची नोंदवही आणि शेवटी सादरीकरण. अर्ध्या ए लेव्हलएवढे गुण धरतात. आमचं पुस्तक १८५७ ला सुरू होतं आणि ही गोष्ट त्याआधीची, त्यामुळे अडचण नाही. माझा प्रश्न सध्या असा आहे: कंपनीच्या सभेत इतके इंग्रज बाजूने बोलत असूनही रंगो बापूजींची मागणी का फेटाळली गेली? बाई म्हणाल्या, "का" हा शब्द सांभाळ, नाहीतर नुसती गोष्ट सांगत बसशील.

आई आणि मी लेडनहॉल स्ट्रीटला जाऊन आलो. सगळीकडे काच आणि पोलाद, सूट घातलेली माणसं. कंपनीची तिथे काही खूण मला दिसली नाही. आईने विचारलं, इथे उभं राहून तुला काय मिळालं? मी म्हटलं, अंतर कळलं. हाउन्स्लोहून इथे यायला तासभर लागला. ते साताऱ्याहून महिनोन्‌महिने प्रवास करून आले आणि दर वेळी याच दारातून परत पाठवले गेले. निबंधात हे लिहिता येणार नाही, पण पुरावा वाचताना माझ्या डोक्यात ते राहील.

गुरुजी, एक मदत हवी आहे. प्रबोधनकारांचं लिखाण आत्याने साताऱ्याहून पाठवलंय, वाचायला घेतलंय. ते रंगो बापूजींच्या बाजूने फार जोरात लिहितात. मला ते वाचताना भरून येतं, आणि नेमकं म्हणूनच बाईंनी शिकवलेला प्रश्न पडतो: हे कोणासाठी लिहिलंय? माझ्याच माणसांबद्दल तो प्रश्न विचारणं मला अवघड जातंय. तुम्ही वर्गात हे कसं करायचात?

---

जुना_मास्तर | २ नोव्हेंबर २०२५

चि. टेम्सकाठची,

ज्या वाक्याने भरून येतं त्याच्यासमोर पेन्सिलीने एक रेघ मार. पुस्तक वाचून झालं की फक्त त्या रेघांकडे परत जा आणि प्रत्येक ठिकाणी विचार, याला आधार काय दिलाय? पत्र, सरकारी कागद, ऐकीव गोष्ट, की काहीच नाही? आधार असेल तिथे तो कागद शोध. नसेल तिथे "लेखकाचं मत" असं समासात लिही. मग अगदी हेच कंपनीच्या बाजूच्या कागदांना लाव. तिथे भरून येणार नाही, संताप येईल. संतापाच्या वाक्यांनाही रेघ मार, नियम तोच.

माझ्या वर्गातली मुलं प्रतापसिंह महाराजांबद्दल प्रश्न विचारायला घाबरायची. मी त्यांना सांगायचो, महाराजांनी स्वतः पुरावे घेऊनच वकील पाठवला होता, घोषणा देऊन नाही.

पहिली दहा पानं रेघा मारून झाली की इथे टाक. आपण एकेक बघू.